मार्कोनी आणि ओसरीवरचा पाहुणा

रेडिओचा शोध कोणी लावला, या एका मार्काच्या प्रश्नाला मार्कोनी हे उत्तर लिहीत लिहीत आपण सगळे इंजिनिअरिंगपर्यंत पोचलो. त्यापुढे या गृहस्थाशी आपला फारसा संबंध येत नाही. कम्युनिकेशनच्या पेपरात मॅक्सवेल येतो, नायक्विस्ट येतो, शॅनन तर व्हायवालाही सोडत नाही. मार्कोनी मात्र पहिल्या चॅप्टरच्या प्रस्तावनेत राहतो आणि प्रस्तावनेवर प्रश्न येत नाही, त्यामुळे ती कोणी वाचत नाही.

माझी त्याच्याशी ओळख झाली ती वायफायमुळे. आमच्या प्रोजेक्ट लॅबमध्ये एक छोटंसं नेटवर्क आहे. एक राउटर, दोन अॅक्सेस पॉइंट, एक स्विच, वीसेक पीसी, एक प्रिंटर आणि सगळ्या बॅचेसचे प्रोजेक्ट रिपोर्ट ठेवलेला सर्व्हर. टेक फेस्टला बाहेरच्या कॉलेजांची मुलं येतात, परीक्षक येतात आणि खुर्चीत टेकायच्या आधी वायफायचा पासवर्ड विचारतात. त्यांना इंटरनेट द्यायचं, पण सर्व्हर आणि प्रिंटरपर्यंत पोचू द्यायचं नाही, हे काम सरांनी माझ्या गळ्यात घातलं. जुन्या वाड्यात पाहुणा ओसरीवर बसायचा. त्याला पाणी मिळायचं, चहा मिळायचा, अडकित्ता पुढे केला जायचा, पण माजघरात तो जायचा नाही. गेस्ट नेटवर्क म्हणजे ही ओसरी. आता भिंती विटांच्या असल्या तर ओसरी आणि माजघर वेगळं ठेवणं सोपं. हवेत भिंत कशी घालायची? हा प्रश्न घेऊन वाचत गेलो तर मागे मागे जात थेट मार्कोनीपाशी पोचलो. हवा सगळ्यांची एकच असताना आपला कोण, परका कोण आणि परक्याला किती आत घ्यायचं, ही भांडणं त्याच्या आयुष्यात एकदा नाही, तीनदा झाली. म्हणून हा लेख.

गुल्येल्मो मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतल्या बोलोन्याचा. वडील तिथले जमीनदार, आई अॅनी जेमसन आयर्लंडची, व्हिस्कीवाल्या जेमसन घराण्यातली. रीतसर कॉलेजची पदवी त्याच्याकडे नव्हती, हे वाचून एटीकेटीवाल्या मित्रांना थोडं बरं वाटेल. १८९४ मध्ये हर्ट्झ वारला. त्याच्यावर बोलोन्याच्या प्राध्यापक रिगींनी लिहिलेला मृत्युलेख वाचून या वीस वर्षांच्या पोराच्या डोक्यात विद्युतचुंबकीय लहरींनी तारेशिवाय तार पाठवायचं खूळ शिरलं. पोन्तेक्योच्या घरातली माळ्यावरची खोली म्हणजे त्याची लॅब. १८९५ मध्ये त्याने एरियल उंच केलं, दुसरं टोक जमिनीत गाडलं आणि अंतर वाढू लागलं. टेकडीपलीकडे संदेश पोचला की तिकडच्या माणसाने बंदुकीचा बार काढायचा असं ठरलं होतं. बार ऐकू आला. अंतर होतं साधारण दोन किलोमीटर.

१८९६ मध्ये तो आईबरोबर लंडनला गेला, २ जूनला पेटंटचा अर्ज टाकला आणि ब्रिटिश पोस्ट खात्याचे मुख्य अभियंता विल्यम प्रीस यांना आपलं यंत्र दाखवलं. पुढच्या वर्षी ब्रिस्टलच्या खाडीवरून पाण्यापलीकडे संदेश गेला आणि जुलै १८९७ मध्ये कंपनीच निघाली. मार्कोनी तेव्हा तेवीस वर्षांचा होता. १८९९ मध्ये इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्सशी बोलणं झालं. इथपर्यंतची कथा आपल्याला पाठ्यपुस्तकातून ओळखीची आहे. माझ्या मते खरी गंमत यापुढे आहे.

सुरुवातीचा प्रेषक म्हणजे नुसती ठिणगी. ठिणगी पडली की एरियलमधून सगळीकडे पसरट फ्रीक्वेन्सीचा गोंगाट जायचा. एका वेळी एकच स्टेशन बोललं तर ठीक, दोन बोलली की गोंधळ. मेसमध्ये सगळे एकदम पोळी मागतात तसं. यावर उपाय सुचवला होता ऑलिव्हर लॉज या इंग्रज शास्त्रज्ञाने, १८९७ च्या पेटंटमध्ये: दोन्ही बाजूंची सर्किटं एकाच फ्रीक्वेन्सीला जुळवायची. मार्कोनीने त्यात भर घातली. ठिणगीचं सर्किट वेगळं, एरियलचं वेगळं, मध्ये ट्रान्सफॉर्मर. घेणाऱ्याकडेही तशीच दोन सर्किटं आणि चारही एका सुरात लावलेली. २६ एप्रिल १९०० चं हे ब्रिटिश पेटंट, क्रमांक ७७७७. आकडा लक्षात राहण्यासारखा असल्यामुळे ते चार सातांचं पेटंट म्हणूनच ओळखलं जातं. त्याच वर्षी एका एरियलवर दोन संदेश, एक इंग्रजीत आणि एक फ्रेंचमध्ये, एकाच वेळी वेगवेगळे उतरवून घेऊन त्याच्या कंपनीने लोकांना चकित केलं. एका हवेत दोन खोल्या तयार झाल्या होत्या.

१२ डिसेंबर १९०१ चा पराक्रम प्रसिद्धच आहे. इंग्लंडच्या टोकाला पोल्डूहून निघालेले मोर्सचे तीन ठिपके न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिलवर, पतंगाला बांधलेल्या तारेवर, मार्कोनीने इअरफोनला कान लावून ऐकले. अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. इथे आपल्या माणसाचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. त्या दिवशी वापरलेला पाऱ्याचा शोधक इटालियन नौदलाच्या नावाने ओळखला गेला. पण तशा प्रकारचा, आपोआप पूर्ववत होणारा शोधक जगदीशचंद्र बोस यांनी १८९९ मध्येच रॉयल सोसायटीपुढे मांडला होता, हे १९९८ मध्ये अमेरिकेतल्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात सविस्तर छापून आलं. प्रेसिडेन्सी कॉलेजातल्या प्रयोगाने अटलांटिक ओलांडायला हात दिला आणि आपण मात्र एका मार्काला मार्कोनी लिहितो!

आता पहिलं भांडण. सूर जुळवल्याशिवाय ऐकू येत नाही, म्हणजे आमचे संदेश दुसऱ्या कुणाला मिळणार नाहीत, असा प्रचार मार्कोनी आणि त्याच्या कंपनीने चालवला होता. समुद्राखालच्या तारांवर धंदा करणाऱ्या ईस्टर्न टेलिग्राफ कंपनीच्या पोटात अर्थातच गोळा आला. त्यांनी नेव्हिल मॅस्केलिन नावाच्या माणसाला हाताशी धरलं. हा पेशाने जादूगार, आणि वायरलेसचा पक्का जाणकार. त्याने कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर उंच खांब उभारून पोल्डूचे संदेश आरामात ऐकून दाखवले. नंतर ४ जून १९०३ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक फ्लेमिंग (डायोडवाले, तेच ते) मार्कोनीच्या पद्धतीचं प्रात्यक्षिक देणार होते. पोल्डूहून मार्कोनीचा संदेश यायचा होता. त्याआधीच सभागृहातलं यंत्र टकटकू लागलं. फ्लेमिंगच्या साहाय्यकाने कान देऊन पाहिलं, तर कोणीतरी मोर्समध्ये टर उडवणारा शब्द पुन्हा पुन्हा पाठवत होतं आणि मागून मार्कोनीवर रचलेलं वात्रट कवनही आलं. जवळच कुठेतरी लावलेल्या साध्या प्रेषकावरून मॅस्केलिन बोलत होता. फ्लेमिंगने रागाने वर्तमानपत्रात पत्र लिहिलं, मॅस्केलिनने त्याच वर्तमानपत्रात उत्तर देऊन होय, तो मीच, असं शांतपणे कबूल केलं. घुसखोर चुकीचा वागला असेल, पण त्याचा मुद्दा बरोबर होता असं माझं मत आहे. सूर वेगळा लावणं म्हणजे कुलूप लावणं नव्हे.

हे समजलं आणि आमच्या लॅबमधलं अर्धं काम तिथेच सुटलं. पुष्कळांना वाटतं की राउटरच्या पानावर जाऊन दुसरं नाव टाकलं, गेस्ट असं लिहिलं, की झालं वेगळं नेटवर्क. नाव वेगळं म्हणजे दाराला पाटी वेगळी. आत दोन्ही दारं एकाच खोलीत उघडत असतील तर पाटीचा उपयोग काय? भिंत घालायची ती आत. आम्ही अॅक्सेस पॉइंटवर दोन नावं ठेवली आणि प्रत्येक नावाला वेगळा व्हीलॅन क्रमांक दिला. पाहुण्यांच्या प्रत्येक फ्रेमवर अॅक्सेस पॉइंट तो क्रमांक चिकटवतो, स्विचच्या पोर्टला दोन्ही क्रमांक पुढे न्यायची परवानगी असते आणि राउटरवर पाहुण्यांना आयपी पत्ते वेगळ्या पट्ट्यातून मिळतात. मग फायरवॉलचा नियम: पाहुण्यांकडून बाहेर इंटरनेटला जा, आतल्या कुठल्याही खाजगी पत्त्याला नको. यात एक जागा हमखास सुटते. राउटरचं स्वतःचं सेटिंगचं पान पाहुण्यांच्या पट्ट्यातल्या पत्त्यावरही उघडतं, म्हणून तेही बंद करावं लागतं. पत्ता देणं आणि नावाचा पत्ता शोधून देणं एवढ्या दोनच गोष्टींसाठी राउटर पाहुण्यांशी बोलतो. आणखी एक खटका असतो, क्लायंट आयसोलेशनचा. तो चालू केला की अॅक्सेस पॉइंट पाहुण्यांना एकमेकांची मशीन दिसू देत नाही. ओसरीवर बसलेल्या दोन परक्या पाहुण्यांनी एकमेकांच्या पिशव्या उचकू नयेत, एवढंच. आणि उघडं नेटवर्क नको, पासवर्ड हवाच, कारण पासवर्ड नसेल तर साधारणपणे हवेतलं बोलणं मॅस्केलिनसारखं कोणीही ऐकू शकतं. फेस्ट संपला की तो पासवर्ड बदलायचा.

दुसरं भांडण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि यात मार्कोनी मला पटत नाही. ब्रिटनमध्ये तारेचा मक्ता पोस्ट खात्याकडे होता, म्हणून कंपनीला संदेशागणिक पैसे घेता येत नव्हते. त्यांनी वाट काढली. जहाजाला यंत्र आणि ते चालवणारा माणूस दोन्ही भाड्याने द्यायचे. ऑपरेटर कंपनीचा, यंत्र कंपनीचं, किनाऱ्यावरचं स्टेशन कंपनीचं. आणि नियम असा की संकटाची हाक सोडली तर दुसऱ्या बनावटीच्या यंत्राशी बोलायचं नाही. १९०१ मध्ये लॉइड्सशी करार झाल्यावर हा नियम आणखी पक्का झाला. १९०२ मध्ये जर्मन कैसरचा भाऊ प्रिन्स हाइनरिश अमेरिकेहून डॉइचलांड जहाजाने परत निघाला. अध्यक्ष रूझवेल्टना आभाराचा संदेश पाठवावा असं त्याला वाटलं. जहाजावर यंत्र जर्मन बनावटीचं होतं. मार्कोनीच्या स्टेशनने दाद दिली नाही. राजपुत्राला दारातून परत पाठवलं म्हटल्यावर काय होणार? १९०३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला आंतरराष्ट्रीय परिषद भरली, ब्रिटन आणि इटलीने खोडा घातला, पण १९०६ च्या बर्लिन करारात किनाऱ्यावरच्या स्टेशनांनी यंत्र कोणाचंही असो, जहाजाचा संदेश घेतलाच पाहिजे असं ठरलं. एसओएस ही खूणही त्याच कराराने आली.

मार्कोनीची बाजू अगदीच लंगडी होती असं नाही. स्टेशनं त्याने स्वतःच्या पैशाने उभारली होती, दुसऱ्यांनी फुकट का वापरावी? आमच्याकडेही काही मुलांचं हेच म्हणणं होतं की बाहेरच्यांना वायफाय द्यायचंच कशाला, त्यांनी आपापला मोबाइल डेटा वापरावा. पण दार बंद केलं की काय होतं हे होस्टेलवाल्यांना सांगायला नको. कोणीतरी मित्र म्हणून आतला पासवर्ड सांगतो, तो मित्राच्या मित्राला कळतो आणि दोन दिवसांत पाहुणा ओसरी सोडून थेट स्वयंपाकघरात असतो. ओसरी असलेली बरी. त्याला इंटरनेट मिळतं, आपला सर्व्हर आपल्याकडे राहतो.

१९०९ मध्ये मार्कोनीला नोबेल मिळालं, तेही जर्मन बाजूच्या कार्ल फर्डिनांड ब्राउनबरोबर निम्मं निम्मं. ज्यांच्या यंत्रांशी बोलायचं नाही असा नियम होता, त्यांच्याच पंगतीला बसायची वेळ आली.

तिसरी गोष्ट भांडणाची नाही, जिवाची आहे. १४ एप्रिल १९१२ ची रात्र. टायटॅनिकवरचे दोन ऑपरेटर, जॅक फिलिप्स आणि हॅरॉल्ड ब्राइड, मार्कोनी कंपनीचे नोकर होते. आदल्या दिवशी यंत्र बिघडून त्यांनी ते स्वतः दुरुस्त केलं होतं, त्यामुळे प्रवाशांचे निरोप तुंबले होते. फिलिप्स ते केप रेसच्या स्टेशनला भराभर पाठवत होता. अकराच्या सुमारास जवळच्या कॅलिफोर्नियन जहाजाच्या ऑपरेटरने बर्फाने वेढल्यामुळे आम्ही थांबलो आहोत असं कळवायला सुरुवात केली. तो इतका जवळ होता की त्याच्या आवाजाने केप रेसचं बोलणं बुडालं. फिलिप्सने त्याला गप्प राहायला सांगितलं. तो थोडा वेळ ऐकत बसला आणि साडेअकराच्या सुमारास यंत्र बंद करून झोपला. ११ वाजून ४० मिनिटांनी टायटॅनिक हिमनगावर आदळली. त्या जहाजावर दुसरा ऑपरेटर नव्हता. कार्पेथियाच्या ऑपरेटरने ऐकलं म्हणून सातशेवर माणसं वाचली. सुमारे पंधराशे गेली.

फिलिप्सला दोष देणारे बरेच आहेत. तोही त्या रात्री गेला, आणि शेवटपर्यंत हाका देत होता. मला वाटतं दोष व्यवस्थेचा जास्त होता. प्रवाशांच्या हौसेचे निरोप आणि बर्फाचा इशारा एकाच हवेतून, एकाच माणसाच्या कानात, एकाच रांगेत जात होते. कोणाला आधी जाऊ द्यायचं हे कुठे लिहिलेलं नव्हतं. त्या वेळी मार्कोनी न्यूयॉर्कमध्ये होता. कार्पेथिया बंदराला लागली तेव्हा तो स्वतः जहाजावर जाऊन ब्राइडला भेटला. त्याच जुलैत लंडनच्या परिषदेत जहाजांनी एकमेकांशी बोलताना बनावट बघायची नाही हे ठरलं आणि १९१४ च्या करारात मोठ्या प्रवासी जहाजांवर चोवीस तास ऐकत राहायची सक्ती आली.

आमच्या लॅबमध्ये कोणाचा जीव जाणार नव्हता, सबमिशन तेवढं जाणार होतं. तरी गोष्ट तीच आहे. व्हीलॅनने पाहुणे वेगळे होतात ते तारेत, हवेत नाही. एका अॅक्सेस पॉइंटवरची दोन्ही नावं एकाच चॅनलवर बसतात आणि एक बोलतो तेव्हा दुसऱ्याला थांबावं लागतं. शिवाय प्रत्येक नाव सेकंदाला साधारण दहा वेळा मी इथे आहे असं ओरडतं, तेही सगळ्यात सावकाश वेगाने, म्हणून पाच-सहा नावं ठेवण्याची हौस करू नये. आम्ही पाहुण्यांच्या पट्ट्याला राउटरवर वेगाची मर्यादा घातली. तेवढ्याने भागत नाही, कारण लांब कोपऱ्यातला पाहुणा कमी डेटा नेतो पण हवा जास्त वेळ अडवतो. म्हणून जुने सावकाश वेग बंद केले आणि दोन अॅक्सेस पॉइंट २.४ गिगाहर्ट्झला एक आणि सहा अशा न भिडणाऱ्या चॅनलवर टाकले. ज्यांचे फोन ५ गिगाहर्ट्झचे आहेत ते तिकडे जातात. फेस्टच्या दोन दिवसांत ऐंशीच्या वर पाहुणे जोडले गेले आणि लॅबमधली रिपोर्टची कॉपी थांबली नाही.

मार्कोनीचं पुढचं आयुष्य वैभवात गेलं. १९१२ मध्येच मोटार अपघातात त्याचा उजवा डोळा गेला. १९१९ मध्ये त्याने इलेत्रा नावाची यॉट घेतली आणि तिच्यावरच प्रयोगशाळा थाटली. १९२३ मध्ये तो मुसोलिनीच्या पक्षात गेला, १९३० मध्ये इटलीच्या रॉयल अॅकॅडमीचा अध्यक्ष झाला. हे गाळून त्याचं चरित्र लिहिणारे पुष्कळ आहेत. मला ते गाळावंसं वाटत नाही.

आपल्यासाठी त्या काळातली एक गोष्ट मात्र घराजवळची आहे. लांब लहरींची अवाढव्य स्टेशनं सोडून तो आणि त्याचा अभियंता चार्ल्स फ्रँकलिन लघुलहरींकडे वळले. तारांचा पडदा उभारून लहर सगळीकडे न फेकता एकाच दिशेला सोडायची, ही बीम पद्धत. फ्रीक्वेन्सीने वेगळं करता येतं तसं दिशेनेही करता येतं. सप्टेंबर १९२७ मध्ये ब्रिटन आणि भारत यांच्यात ही सेवा सुरू झाली. भारतातलं प्रेषक केंद्र होतं पुण्याजवळ खडकीला आणि ग्राहक केंद्र दौंडला. बोलायची आणि ऐकायची जागा इतकी लांब लांब ठेवली, कारण शेजारी बसून बोंब मारली तर कानाला दुसरं काही ऐकू येत नाही. दौंड लाइनने घरी जाणारे आपल्यातले कितीतरी जण या भागातून दर सुट्टीत जातात. बीमचे दर इतके स्वस्त पडले की तारकंपन्यांचा धंदा बसू लागला आणि १९२९ मध्ये दोन्ही धंद्यांचं एकत्रीकरण करावं लागलं. त्या तारकंपन्यांत मॅस्केलिनला पोसणारी ईस्टर्न टेलिग्राफही होती. भारतातला हा कारभार १९४७ मध्ये सरकारने घेतला आणि १९८६ मध्ये त्याचं विदेश संचार निगम झालं. १९९५ मध्ये सामान्य भारतीयांना पहिलं इंटरनेट याच निगमने दिलं.

२० जुलै १९३७ रोजी रोममध्ये हृदयविकाराने मार्कोनी गेला. वय ६३. दुसऱ्या दिवशी ब्रिटनमधल्या वायरलेस केंद्रांनी दोन मिनिटं प्रक्षेपण थांबवलं. चार सातांच्या पेटंटच्या अमेरिकन आवृत्तीवरचा खटला मात्र चालूच राहिला. २१ जून १९४३ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यातले महत्त्वाचे दावे रद्द ठरवले. सूर जुळवण्याची कल्पना लॉज, टेस्ला आणि स्टोन यांच्या कामात आधीच होती, असं कारण दिलं. लॉज १९४० मध्ये वारला होता. टेस्ला त्याच वर्षी जानेवारीत, निकालाच्या पाच महिने आधी.